आदर, पूज्यभाव आणि ‘रिव्हिअर’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात ‘रिस्पेक्ट’ या इंग्रजी शब्दाच्या वापराविषयी लिहिले होते. त्यावर पुण्यातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत त्याच कुळातल्या, पण अधिक वजनाच्या एका शब्दाची विचारणा आहे. तो शब्द म्हणजे ‘रिव्हिअर’ हे क्रियापद आणि ‘रेव्हरन्स’ हे त्याचे नाम. या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. ‘रिस्पेक्ट’ आणि ‘रिव्हिअर’ यांत फरक काय, असे नववीतल्या एका मुलीने विचारले. माझ्याजवळच्या कोशात दोहोंपुढे ‘आदर करणे’ हाच अर्थ आहे; दुसऱ्याच्या मागे ‘अतिशय’ एवढा शब्द वाढवलेला. फरक खरोखर एवढाच आहे का?
— एक शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीची शंका योग्य आहे, आणि कोशाने तिला दिलेले उत्तर अपुरे आहे. हा फरक कमी-अधिक प्रमाणाचा नाही, प्रकाराचा आहे. आदर कितीही वाढला तरी तेवढ्यानेच त्याचा रेव्हरन्स होत नाही. दुकानदाराच्या सचोटीबद्दल, सहकाऱ्याच्या वक्तशीरपणाबद्दल, एवढेच काय, वादात आपल्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाच्या अभ्यासाबद्दलही आपल्याला आदर वाटतो, आणि तो मनापासून वाटू शकतो. परंतु ही सगळी माणसे आपल्या बरोबरीने उभी असतात. ‘रिव्हिअर’ या क्रियापदात ही बरोबरी राहत नाही. ज्या व्यक्तीविषयी, वस्तूविषयी, स्थळाविषयी किंवा तत्त्वाविषयी ते वापरले जाते, ते आपल्याहून उंच आहे हे बोलणाऱ्याने मनोमन स्वीकारलेले असते, आणि त्या उंचीमुळे त्याच्या मनात आदर व प्रेम यांच्या जोडीला थोडे भयही असते. हे भय शिक्षेचे नव्हे. आपल्या वागण्याने त्या उंचीला उणेपणा येऊ नये, याची ती काळजी असते.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘व्हेरेरी’ हे क्रियापद आहे. भय वाटणे, दबून आदर बाळगणे, असा त्याचा अर्थ. आधीचा ‘रे’ हा उपसर्ग त्या भावनेची तीव्रता वाढवतो. ‘व्हेरेरी’चे नाते आणखी मागे गेले तर ‘अवेअर’ आणि ‘बिवेअर’ या अस्सल इंग्रजी शब्दांशी जोडले जाते, म्हणजे सावध असणे, जपून वागणे ही कल्पना त्यात मुळापासून आहे. याउलट ‘रिस्पेक्ट’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘वळून पाहणे’ असा आहे. एखाद्याची दखल घेणे, त्याच्याकडे दुर्लक्ष न करणे, येथून तो अर्थ आदरापर्यंत पोहोचला. एकाचा उगम पाहण्यात आहे आणि दुसऱ्याचा जपण्यात, हे नववीच्या मुलांनाही समजण्यासारखे आहे.

भय आणि आदर यांची ही सांगड इतर भाषांतही दिसते. 1611 साली इंग्लंडमध्ये राजाज्ञेने झालेल्या बायबलच्या भाषांतरात, पत्नीने पतीशी कसे वागावे हे सांगणाऱ्या एका वचनात ‘रेव्हरन्स’ हा शब्द क्रियापद म्हणून आला आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘भिणे’ असा आहे, आणि विसाव्या शतकातल्या भाषांतरकारांनी तेथे ‘रिस्पेक्ट’ घातला. एकाच वचनाचा भयाकडून पूज्यभावाकडे आणि तेथून साध्या आदराकडे झालेला प्रवास या तीन शब्दांत दिसतो. जर्मन भाषेत तर या भावनेचे नावच ‘एअरफुर्ख्ट’ असे आहे, म्हणजे ‘मान’ आणि ‘भय’ या दोन शब्दांचा समास. डॉक्टर आणि विचारवंत अल्बर्ट श्वाइत्झर यांना 1915 साली आफ्रिकेतल्या ओगोवे नदीवरून प्रवास करत असताना आपल्या साऱ्या नीतिविचाराचे सूत्र सुचले, ते याच शब्दात. आणि त्याचे इंग्रजी ‘रेव्हरन्स फॉर लाइफ’ असे झाले. तेथे ‘रिस्पेक्ट फॉर लाइफ’ म्हटले असते तर जीवमात्रापुढे नम्र होण्याची जी वृत्ती त्यांना अभिप्रेत होती, ती निसटली असती.

मराठीला ही सांगड अनोळखी नाही. ‘देवभीरू’ आणि ‘पापभीरू’ हे आपण माणसाचे गुण म्हणून सांगतो, दोष म्हणून नव्हे. मात्र ‘धाक’, ‘वचक’, ‘दरारा’ हे शब्द रेव्हरन्सच्या जागी चालणार नाहीत, कारण त्यांत भय पुढे आणि प्रेम मागे असते, किंवा नसतेच. ‘श्रद्धा’ या शब्दात विश्वासाचा भाग मोठा आहे. ‘भक्ती’त समर्पण आहे. रेव्हरन्सला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘पूज्यभाव’ हाच, आणि क्रियापद हवे असेल तर मला नुसते ‘मानणे’ सर्वांत योग्य वाटते. “सगळ्या पंचक्रोशीत त्यांना फार मानतात” या वाक्यातले ‘मानतात’ म्हणजे नेमके ‘रिव्हिअर’. कोशकारांनी या घरगुती क्रियापदाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे माझे मत आहे.

वर्गात उदाहरण द्यायचे असेल तर पुण्यातच आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात, किंवा कोणत्याही मैफलीत, गायक आपल्या गुरूंचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. श्रोत्यांना गायकाच्या तानेविषयी वाटते ते ‘ॲडमिरेशन’, गायकाला साथीदाराच्या तयारीविषयी वाटतो तो ‘रिस्पेक्ट’, आणि कानाला हात लावताना त्याच्या मनात जे असते ते ‘रेव्हरन्स’. नाव घेताना आपल्याकडून काही आगळीक घडू नये, ही काळजी त्या कृतीत आहे. भय आणि प्रेम एकत्र कसे नांदतात हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीत ‘रिव्हिअर’ची वाक्ये चुकतात. उच्चार, शब्दयोगी अव्यये आणि काळ यांविषयी थोडक्यात सांगावे.
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : क्रियापदाचा उच्चार ‘रिव्हिअर’ असून आघात दुसऱ्या अवयवावर आहे, नामाचा उच्चार ‘रेव्हरन्स’ असून तेथे आघात पहिल्या अवयवावर येतो. क्रियापद सकर्मक आहे आणि कर्म त्याला थेट जोडले जाते, मध्ये ‘टू’ किंवा ‘फॉर’ येत नाही. नामाला मात्र ‘फॉर’ लागतो : कोणाविषयी रेव्हरन्स, असे म्हणायचे असेल तेव्हा ‘रेव्हरन्स फॉर’. ‘टू होल्ड इन रेव्हरन्स’ हा वाक्प्रचारही लक्षात ठेवावा.

सर्वाधिक चूक काळाची होते. ‘मी आदर करत आहे’ या मराठी वाक्यावरून विद्यार्थी ‘आय ॲम रिव्हिअरिंग’ असे लिहितात. हे क्रियापद मनाची स्थिर अवस्था सांगते, चालू असलेली क्रिया नव्हे. म्हणून ते अपूर्ण काळात सहसा येत नाही. ‘आय रिव्हिअर’ एवढेच पुरे.

लिखित इंग्रजीत ते कर्मणी प्रयोगात फार आढळते आणि तेथे तीन अव्ययांची तीन कामे आहेत. कोणाकडून हे सांगायला ‘बाय’, कोणत्या कारणासाठी हे सांगायला ‘फॉर’, आणि कोणत्या रूपात हे सांगायला ‘ॲज’. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी वाक्य करायचे तर स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी ते ‘रिव्हिअर्ड फॉर’ असतील. सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली, म्हणून त्या स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी या रूपात ‘रिव्हिअर्ड ॲज’ असतील. कर्म माणूसच असावे असे नाही. नदी, डोंगर, ग्रंथ, संविधान, एखाद्याची स्मृती, हे सगळे चालते. मात्र स्वतःविषयी हे क्रियापद वापरता येत नाही. ‘सेल्फ-रिस्पेक्ट’ हा चांगला गुण आहे. त्याच धर्तीचा ‘सेल्फ-रेव्हरन्स’ आज सहसा कोणी बोलत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत परगावच्या पाहुण्यांसाठी इंग्रजी मजकूर द्यायचा आहे. ‘मानाचे पाच गणपती’ याचे भाषांतर ‘फाइव्ह रिव्हिअर्ड गणपतीज’ असे केले आहे. तसेच पालखीतल्या पादुकांसाठी ‘वर्शिप’ हा शब्द घातला आहे. दोन्ही बरोबर आहेत का?
— एक कार्यकर्ता, नारायण पेठ

उत्तर : पहिले भाषांतर बदलावे. ‘मानाचा गणपती’ यातला मान हा अग्रक्रमाचा मान आहे. कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा आणि केसरीवाडा पाचवा, हा विसर्जन मिरवणुकीतला क्रम ठरलेला आहे आणि ‘मान’ हा शब्द त्या क्रमाकडे बोट दाखवतो. त्यासाठी इंग्रजीत ‘प्रिसिडन्स’ हा नेमका शब्द आहे. ‘रिव्हिअर्ड’ म्हटल्याने उरलेल्या शेकडो मंडळांच्या गणपतींविषयी पुणेकरांना पूज्यभाव नाही, असा भलताच अर्थ पाहुण्यांच्या मनात उभा राहील. कसबा गणपती हे शहराचे ग्रामदैवत आहे. त्या नात्याने त्याच्याविषयी स्वतंत्र वाक्य लिहिताना मात्र ‘रिव्हिअर्ड ॲज’ अगदी योग्य ठरेल.

पादुकांविषयीचा प्रश्न अधिक खोल आहे. ‘वर्शिप’ हा जुना अस्सल इंग्रजी शब्द ‘वर्थ’ म्हणजे योग्यता यापासून बनला आणि आज तो मुख्यतः ईश्वराच्या उपासनेसाठी राखलेला आहे. ज्या पवित्र वस्तूंतून आपण कोणा थोर व्यक्तीचे स्मरण करतो, त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘व्हेनरेट’ हे क्रियापद आहे. ख्रिस्ती धर्मपरंपरेत हा भेद फार गंभीरपणे पाळला जातो : उपासना केवळ ईश्वराची, आणि संतांच्या प्रतिमांना किंवा अवशेषांना केले जाते ते ‘व्हेनरेशन’. 787 साली भरलेल्या नायकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांच्या वादात हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. आपल्याकडे ‘पूजा’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालतो, म्हणून हा भेद आपल्याला चटकन जाणवत नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतल्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, तेव्हा दर्शनाच्या रांगेतला माणूस पादुकांवर डोके ठेवतो. इंग्रजी वाचकाला ते ‘व्हेनरेट’ या क्रियापदाने बरोबर समजेल. या क्रियापदाचे मूळ संस्कृतमधल्या ‘वन्’ म्हणजे प्रेम करणे, इच्छिणे, या धातूच्या कुळातले आहे, त्यामुळे त्यात ‘रिव्हिअर’पेक्षा भय कमी आणि ओढ अधिक आहे. वारकऱ्यांच्या बाबतीत मला तेच अधिक सयुक्तिक वाटते.

प्रश्न : ‘लोकमान्य’ या पदवीचा इंग्रजी अर्थ काही ठिकाणी ‘लोकांनी स्वीकारलेला’ असा, तर काही ठिकाणी ‘रिव्हिअर्ड बाय द पीपल’ असा दिलेला आढळतो. खरा कोणता?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन्हींना आधार आहे. संस्कृतात ‘मान्य’ म्हणजे मान देण्यास योग्य. आजच्या मराठीत ‘मान्य’ म्हणजे कबूल, संमत. पहिला अर्थ घेतला तर ‘रिव्हिअर्ड’कडे झुकता येते, दुसरा घेतला तर ‘स्वीकारलेला’ हा अर्थ निघतो. माझा कौल असा की इंग्रजीत ही पदवी भाषांतर न करता ‘लोकमान्य’ अशीच ठेवावी आणि पहिल्या उल्लेखात एकदा अर्थ द्यावा. तो देताना ‘लोकांनी आपला पुढारी म्हणून मानलेला’ हा आशय यावा. बाळ गंगाधर टिळकांना कोणत्याही सरकारने किंवा धर्मपीठाने ही पदवी दिली नाही, ती लोकांच्या तोंडी रुळली, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे आहे. नुसत्या ‘रिव्हिअर्ड’मधून लोकांचे हे कर्तेपण पुरेसे दिसत नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या इतिहासातल्या पॉल रिव्हिअरच्या नावाचा या शब्दाशी संबंध आहे का? आणि ‘रेव्हरी’चा?
— एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : दोहोंचाही नाही. 18 एप्रिल 1775 च्या रात्री ब्रिटिश फौज येत असल्याची वर्दी घोड्यावरून गावोगाव पोहोचवणारा पॉल रिव्हिअर हा बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याचे वडील फ्रान्समधून आलेले प्रॉटेस्टंट होते, त्यांचे आडनाव ‘रिव्ह्वार’ असे होते आणि इंग्रजी वस्तीत त्याचे रूप बदलले. ‘रेव्हरी’ म्हणजे दिवास्वप्न. तो स्वप्न पाहण्याच्या फ्रेंच क्रियापदापासून आलेला आहे.

प्रश्न : माझ्या आजोबांनी त्यांच्या वडिलांना आणि काकांना लिहिलेली मोडीतली पत्रे मी बाळबोधीत आणली आणि आता परदेशातल्या नातवंडांसाठी त्यांचे इंग्रजी करत आहे. मायन्यातल्या ‘तीर्थरूप’साठी ‘रिव्हिअर्ड फादर’ लिहिले, तर मुलगा म्हणतो की हे इंग्रजी वाटत नाही. शेवटच्या ‘शिरसाष्टांग नमस्कार’चे काय करावे, तेही सुचत नाही.
— एक निवृत्त अधिकारी, कर्वेनगर

उत्तर : आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे. अशी पत्रे घरोघरी पेटाऱ्यांत आहेत आणि मोडी वाचणारी पिढी मागे पडत चालली आहे. आपल्यासारख्या माणसांनी ती वाचून ठेवली नाहीत तर ती पुढच्यांना केवळ कागद म्हणून उरतील. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण असे की ‘रिव्हिअर्ड’ हे इंग्रजीत एखाद्याविषयी बोलण्याचे विशेषण आहे, त्याला उद्देशून बोलण्याचे नाही. इंग्रज मुलगा आपल्या वडिलांविषयी तिसऱ्या माणसाला सांगताना ‘माय रिव्हिअर्ड फादर’ म्हणेल. पत्राच्या आरंभी मात्र ‘माय डिअर फादर’ असेच लिहील. मराठी पत्रव्यवहाराची रीत याच्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे पूज्यभावाची सर्वांत उंच विशेषणे मायन्यात, म्हणजे समोरच्याच्या हाती पडणाऱ्या पहिल्या ओळीत येतात : वडिलांना ‘तीर्थरूप’, काकांना आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, परिचित गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’, विद्वानाला ‘वेदशास्त्रसंपन्न’. मायना चुकला तर पत्राचा आशय वाचण्याआधीच ते खटकत असे. म्हणून ‘तीर्थरूप’ आणि ‘तीर्थस्वरूप’ यांतला भेद आपल्या भाषांतरात पुसू देऊ नये. कोणते पत्र वडिलांना आणि कोणते काकांना हे पुष्कळदा त्या एका अक्षरावरूनच कळते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, मायना मूळ मराठीतच देऊन त्याचा अर्थ प्रस्तावनेत एकदा सांगणे : ज्यांच्या चरणांशी जाणे हे तीर्थाला जाण्यासारखे आहे ते तीर्थरूप. दुसरा, अठराव्या शतकातल्या इंग्रजी पत्रांत मुले वडिलांना ‘ऑनर्ड सर’ किंवा ‘ऑनर्ड फादर’ असे लिहीत, ती रीत उचलणे. त्या शब्दांना जुन्या घराचा वास आहे, ते खरे इंग्रजी आहेत आणि मोडी पत्राच्या वयाला ते शोभतील. मला पहिला मार्ग अधिक पसंत आहे, कारण ‘तीर्थ’ ही कल्पना इंग्रजीच्या कोणत्याच एका शब्दात मावत नाही आणि नातवंडांना ती कळावी हाच तर आपला हेतू आहे.

‘शिरसाष्टांग नमस्कार’ विषयी सांगायचे तर ‘रेव्हरन्स’ या शब्दाला जुन्या इंग्रजीत एक शारीरिक अर्थही होता : वाकून किंवा गुडघे मुडपून केलेले अभिवादन. बॅले नृत्याच्या वर्गाच्या शेवटी शिक्षकांना आणि वादकांना लवून वंदन करतात, त्याला आजही ‘रेव्हेरान्स’ हेच फ्रेंच नाव आहे. परंतु मस्तकासह आठही अंगे भूमीला टेकवणारा नमस्कार याहून पुढचा आहे आणि त्यासाठी ‘ओबेझन्स’ हा शब्द जवळचा ठरेल. पत्रात हा नमस्कार शब्दांनी घातलेला असतो, प्रत्यक्ष नव्हे, हेही भाषांतरात कळले पाहिजे.

याच संदर्भात आणखी एका वाचकाने नोकरीच्या अर्जात ‘रिव्हिअर्ड सर’ लिहावे का, असे विचारले आहे. लिहू नये. ‘रिस्पेक्टेड सर’ हा भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे. बाहेरच्या पत्रव्यवहारात ‘डिअर सर’ पुरेसे आहे.

प्रश्न : नारायण वामन टिळकांना ‘रेव्हरंड टिळक’ म्हणतात. हा ‘रेव्हरंड’ आणि ‘रेव्हरंट’ एकच का? ही पदवी कोणालाही आदराने लावता येते का?
— एक ग्रंथपाल, पुणे कॅम्प

उत्तर : दोन्ही शब्द एकाच धातूचे, पण त्यांची तोंडे परस्परांकडे आहेत. ‘रेव्हरंड’ लॅटिनच्या ‘रेव्हेरेन्डुस’ या रूपावरून आला. त्याचा अर्थ ‘ज्याविषयी पूज्यभाव बाळगावा असा’. संस्कृतात ‘अनीय’ प्रत्ययाने जे काम होते, ते येथे आहे : पूजनीय, वंदनीय, आदरणीय. लॅटिनचा हाच प्रत्यय रोजच्या व्यवहारातल्या शब्दांतही लपलेला आहे. ‘अजेंडा’ म्हणजे करावयाच्या गोष्टी, ‘मेमोरँडम’ म्हणजे स्मरणात ठेवण्याजोगे, ‘डिव्हिडंड’ म्हणजे वाटून देण्याचे. संस्कृत शिकलेल्या वाचकाला ही जुळणी आनंद देईल. ‘रेव्हरंट’ मात्र कर्तरी आहे. ज्याच्या मनात पूज्यभाव आहे तो रेव्हरंट. देवळातली मूर्ती किंवा गुरू रेव्हरंट नसतो, पुढे हात जोडून उभा असलेला माणूस रेव्हरंट असतो.

‘रेव्हरंड’ ही पदवी दीक्षित ख्रिस्ती धर्मगुरूंसाठीच आहे. त्यात पायऱ्याही आहेत : अँग्लिकन चर्चमध्ये डीनला ‘व्हेरी रेव्हरंड’, बिशपला ‘राइट रेव्हरंड’ आणि आर्चबिशपला ‘मोस्ट रेव्हरंड’ म्हणतात. नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले, म्हणून त्यांच्या नावामागे ती लागते. काटेकोर इंग्रजीत या शब्दाआधी ‘द’ आणि त्यानंतर पूर्ण नाव हवे. नुसत्या आडनावाआधी तो लावणे तेथे सदोष मानतात. मराठीत मात्र ‘रेव्हरंड टिळक’ हा जोड इतका दृढ झाला आहे की त्याला हात लावण्याचे कारण नाही. मराठी कवितेच्या वाचकाला त्या दोन शब्दांतून एकच व्यक्ती डोळ्यांपुढे येते.

प्रश्न : आमच्याकडे विठ्ठलाला ‘अरे’ म्हणतात, त्याच्याशी भांडतात, जनाबाईंसारखी भक्त तर त्याला रागेही भरते. एका इंग्रजी लेखात याला ‘इररेव्हरंट’ म्हटलेले वाचले आणि वाईट वाटले. हा शब्द येथे योग्य आहे का?
— एक वारकरी, आळंदी रस्ता

उत्तर : योग्य नाही, आणि आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तरी लेखकाचा हेतू कदाचित दूषण देण्याचा नसेल, हे आधी सांगतो. ‘इररेव्हरंट’ या शब्दाचे दोन वापर आहेत. देवळात, न्यायालयात, अंत्यविधीच्या ठिकाणी एखाद्याचे वागणे इररेव्हरंट आहे असे म्हटले तर तो स्पष्ट दोष आहे. मराठीत ‘बेअदबी’ म्हणता येईल. परंतु पुस्तकाच्या किंवा नाटकाच्या परीक्षणात हाच शब्द पुष्कळदा प्रशंसा म्हणून येतो : प्रतिष्ठितांची भीड न बाळगणारे, बेधडक, असा त्याचा भाव असतो. दोन्ही वापरांत एक गोष्ट सारखी आहे. जेथे पूज्यभाव अपेक्षित आहे तेथे तो नाकारलेला असतो.

जनाबाईंच्या वाणीत पूज्यभाव नाकारलेला नाही, तो ओलांडलेला आहे. आरंभी म्हटल्याप्रमाणे रेव्हरन्समध्ये अंतर असते. आपण खाली, तो वर, आणि मध्ये जपून वागण्याची काळजी. भक्ती या अंतरापासूनच सुरू होते, पण तेथे थांबत नाही. दळण-कांडण करताना सोबतीला येणारा देव वर कोठे राहिलेला नसतो, म्हणून त्याच्यावर रागावण्याचा हक्क निर्माण होतो. मराठी घरांची भाषा पाहिली तरी हे दिसते : जुन्या रीतीप्रमाणे वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’. आईला एकेरी हाक मारणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी पूज्यभाव कमी असतो, असे कोणी म्हणणार नाही. विठ्ठलाला वारकरी ‘माउली’ म्हणतात, तेव्हा त्याला ‘अरे’ म्हणणे याच नात्याने येते.

इंग्रजीतही याला समांतर घटना घडलेली आहे. जुन्या प्रार्थनांत ईश्वराला ‘दाऊ’ म्हणतात. आज तो शब्द फार भारदस्त आणि पूज्यभावाचा वाटतो, परंतु मुळात तो आपल्या ‘तू’सारखा एकेरी, जवळिकीचा शब्द होता; आदरार्थी ‘यू’ हा वेगळा होता. रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेला, प्रार्थनेत उरला, आणि केवळ जुनेपणामुळे त्याला उंची आली. म्हणजे ईश्वराला एकेरीत संबोधण्याची रीत त्या लेखकाच्या भाषेतही होती, ती आता ओळखू येत नाही इतकेच.

त्या लेखकाला किंवा संपादकाला पत्र लिहिणार असाल तर ‘इररेव्हरंट’च्या जागी ‘इंटिमेट’ हा शब्द सुचवावा, आणि ‘भक्ती’ हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवावा अशी विनंती करावी. इंग्रजी कोशांत ‘भक्ती’ आता स्वतंत्र शब्द म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा त्यासाठी कोणाला अडचण पडू नये.